शिवकांता भाकरी केंद्रानंतर डावीकडे वळा

नळदुर्गच्या जुन्या हायवेला लागून शिवकांताअक्कांची पत्र्याची खानावळ आहे. चुलीपाशी बसून "आणखी भाकरी घालू का?" असं त्या ज्या आवाजात विचारतात, त्या आवाजात दुसऱ्या बायका बांधावरून पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारतात. अक्कांना मात्र हे बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. आपण हळूच बोलतो, ट्रकांच्या घरघरीमुळं आवाज जरा चढवावा लागतो, एवढंच, अशी त्यांची समजूत होती.

माहेर आळंद तालुक्यातलं, म्हणजे हद्दीपलीकडचं. माहेरी कन्नड, सासरी मराठी. राग आला की पहिलं वाक्य कन्नडमध्ये निघायचं, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही की तेच पुन्हा मराठीत. "माझं भांडण दोनदा होतंय," असं त्या आता स्वतःच सांगतात. नवरा धुळाप्पा म्हणजे अगदी दुसरं टोक. त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. सायकली गेल्या, दुकानही गेलं. तेव्हापासून ते खानावळीच्या गल्ल्यावर बसतात. आलेल्याला "बसा" म्हणतात आणि जाणाऱ्याला "या परत" म्हणतात. मधलं सगळं अक्का बोलतात.

खानावळसुद्धा अक्कांनी ठरवून काढलेली नाही. सायकलच्या दुकानाशेजारी एक गॅरेज होतं, अजून आहे. तिथले मिस्त्री दुपारी चहात पाव बुडवून खायचे, ते अक्कांना बघवेना. एक दिवस त्या त्यांच्यावर घसरल्या. "तुमच्या आयांनी हेच घालून वाढवलं का रं तुमाला?" त्यातला एकजण म्हणाला, "मग तुमीच घाला की करून, अक्का." अक्कांनी रागाच्या भरात परात पुढं ओढली. राग उतरला तोवर रोजचे जेवणारे बांधले गेले होते.

मिस्त्र्यांच्या मागून ट्रकवाले आले. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगाचटणी, सणासुदीला हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर. दिवस बरे चालले होते. मग गावाला वळसा घालून नवा रस्ता झाला आणि ट्रक तिकडून पळायला लागले. जुन्या रस्त्यावर एवढी शांतता झाली की समोरच्या लिंबावरचे पोपट ऐकू यायला लागले. अक्कांनी आधी रस्त्याला नावं ठेवली, मग रस्ता करणाऱ्यांना. तेही संपल्यावर धुळाप्पांचा नंबर लागला. "तुमी नुसतं 'बसा' म्हणता. जरा हात धरून बसवा की लोकास्नी."

उपाय निघाला तो सुनेकडून. मुलगा योगीराज सोलापुरात कामाला, सून वैष्णवी सध्या सासू-सासऱ्यांजवळ. दुपारी मोबाईल बघता बघता ती म्हणाली, "अत्या, आपण नकाशावर न्हाई. लोक कसे येतील?"

"नकाशावर कसं न्हाई? नळदुर्ग हाय की."

"नळदुर्ग हाय. आपण न्हाई."

हे अक्कांच्या मनाला फार लागलं. गॅरेज नकाशावर होतं. चपलांचं दुकान होतं. मागच्या उन्हाळ्यात बंद पडलेलं रसवंतीगृहही होतं. आपण मात्र नाही! "घाल, आत्ताच्या आत्ता घाल," त्या म्हणाल्या, जणू वैष्णवीनंच त्यांना मुद्दाम बाहेर ठेवलं होतं.

नकाशात घालायचं तर फोटो हवा. अक्का ठेवणीतली इरकल नेसून 'शिवकांता भाकरी केंद्र' या बोर्डाखाली उभ्या राहिल्या. वैष्णवी बटण दाबणार तेवढ्यात कुणाचीशी म्हैस येऊन मेथीच्या टोपलीत तोंड घालायला लागली. फोटो निघाला तो असा: अक्का हात उगारून, डोळे वटारून, तोंड सताड उघडून उभ्या आहेत आणि म्हैस फोटोच्या बाहेर. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई येणाऱ्याचं असंच स्वागत करते. वैष्णवीला वाटलं दुसरा काढावा. पण बोर्ड यात छान आला होता.

आणि खरंच लोक यायला लागले. किल्ला बघायला सोलापूर-लातूरकडून येणारी माणसं मोबाईलवर 'जवळपास जेवण' शोधायची आणि नकाशा त्यांना अक्कांच्या चुलीपुढं आणून सोडायचा. जेवून गेल्यावर ते नकाशात चांदण्या द्यायचे, दोन ओळी लिहायचे. वैष्णवी त्यातल्या काही अक्कांना वाचून दाखवायची. "भाकरी एक नंबर." "चटणीला तोड नाही." मधेच ती बोटानं भरभर काहीतरी पुढं सरकवायची. अक्कांना वाटायचं, सारखंच कौतुक परत परत काय वाचायचं म्हणून सरकवत असेल.

मग नकाशात एक नवी सोय आली. आता एकेकाचं मत वाचायची गरज नव्हती. नकाशाच सगळ्यांचं लिहिलेलं चाळून दोन ओळींत त्याचं सार सांगायला लागला, तेही बोलून. वैष्णवीनं उत्साहाच्या भरात स्वतः न बघताच बटण दाबलं. मोबाईलमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "येथील ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी लोकांना आवडते. मालकीण ओरडते, असे अनेकांनी नमूद केले आहे."

"कोण म्हणतंय मी ओरडते?" अक्का म्हणाल्या.

पलीकडच्या गॅरेजमध्ये एका मिस्त्र्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि तो धावत आला. "काय झालं अक्का? साप निघाला का?"

अक्कांनी त्याच्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, शेवटी नवऱ्याकडं बघितलं. धुळाप्पा गल्ल्यातली सुट्टी नाणी लावण्यात एकदम गुंग झाले होते. एवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवसापासून अक्कांनी गोड व्हायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, मोबाईलमधल्या बाईसारखंच बोलायला सुरुवात केली. "अजून भाकरी घेणार का आपण?" "सावकाश होऊ द्या बरं का." हे शब्द तोंडातून काढताना त्यांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा व्हायचा. वाढणाऱ्या उमाबाईंना तर काहीच ऐकू जाईना. इतकी वर्षं त्यांनी हुकूम कानानं नव्हे, अंगानं ऐकला होता. आता त्या चुलीशी येऊन वाकून विचारायच्या, "काय म्हणालीस?" तोवर पिठलं निवायचं. दुपारी खाटेवर लवंडलेले धुळाप्पा दचकून उठून बसायचे. कशानं जाग आली ते त्यांना कळायचं नाही. शांततेनं आलेली असायची.

नानासाहेब हे जुनं गिऱ्हाईक. उमरग्याहून सोलापूरला टेम्पोनं भाजी नेतात. नवा रस्ता झाला तरी वाट वाकडी करून अक्कांकडंच जेवतात. त्यांच्या ताटात त्या दिवशी अर्धी भाकरी राहिली. एरवी या गुन्ह्याला अक्कांकडं माफी नव्हती. पीठ कुणाच्या कष्टाचं इथपासून सुरू होऊन नानासाहेबांच्या सुटलेल्या पोटापर्यंत सगळं निघालं असतं. नानासाहेब मान खाली घालून वाट बघत बसले. अक्का हसल्या आणि म्हणाल्या, "असू द्या, असू द्या."

नानासाहेब ताटावरून उठले, हात धुतला आणि धुळाप्पांच्या कानाशी येऊन कुजबुजले, "घरात काय झालंय का? डाक्टरला दाखवलं का अक्कांना?"

दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी मोसंबी आणली. "ताकद येईल," म्हणाले. अक्कांनी खूप समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण हळू आवाजात समजावून सांगितलेलं नानासाहेबांना आणखीच काळजीचं वाटलं. मोसंबी शेवटी खाल्ली. गोड होती.

असे गोडव्याचे दिवस चालू असतानाच अक्कांचा मोठा सन्मान झाला. एक गाडी खानावळीपुढं हळू झाली. काच खाली होती. आतून मोबाईलचा आवाज आला, "शिवकांता भाकरी केंद्रानंतर डावीकडे वळा."

अक्कांच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "वैष्णवी! माझं नाव घेतलं गं तिनं!"

वैष्णवीनं सांगितलं की ही पण नवीन सोय आहे. आधी नकाशा नुसता 'अमुक मीटरवर वळा' म्हणायचा, आता रस्त्यातली ठळक खूण सांगतो. किल्ल्याकडं जायचा आडरस्ता खानावळीला लागूनच फुटतो, म्हणून खूण म्हणून अक्का. अक्कांनी माहेरी फोन लावला. भाच्याला सांगितलं, भावजयीला सांगितलं. दोघांनाही आधी वाटलं अक्कांवर काहीतरी केस झाली आहे, म्हणून मोबाईलवर नाव येतंय.

त्या दिवसापासून अक्का चुलीचं तोंड रस्त्याकडं करून बसल्या. गाडी यायची. हळू व्हायची. मोबाईल त्यांचं नाव घ्यायचा. अक्का पदर सावरायच्या. आणि गाडी डावीकडं वळून निघून जायची. दुसरी यायची, तीही वळायची. चार-पाच दिवस हे बघितल्यावर अक्कांनी परातीत हात थांबवला.

"अवं, ऐकलं का? ही बाई लोकास्नी माझ्याकडं या म्हणत न्हाई. मी दिसले की वळा, असं म्हणतीय."

"हूं," धुळाप्पा म्हणाले.

"तुमाला काय नवीन? तुमी लग्न झाल्यापास्नं तेच करताव."

धुळाप्पा हसले. गल्ल्यावर बसून ते सहसा हसत नाहीत.

पावसाळा सरत आला तेव्हा त्या आडरस्त्यावर पाइपलाइनसाठी कुणीतरी चर खणला आणि माती रस्त्यावर लोटून माणसं निघून गेली. ना फलक, ना दगड. वर एक पाऊस पडला आणि चर कुठं, रस्ता कुठं, काही कळेना. मोबाईलमधल्या बाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती आपली गोड आवाजात सगळ्यांना डावीकडं वळवत होती.

सकाळच्या पहिल्या भाकऱ्या तव्यावर होत्या. लातूरकडची एक पांढरी गाडी वळून आत गेली. थोड्या वेळानं त्याच वाटेनं एक मध्यमवयीन गृहस्थ गुडघ्यापर्यंत चिखलात माखून चालत आले. मागून त्यांच्या आई, पातळाच्या निऱ्या हातात धरून. 

"शिवकांता कोण हाय?" गृहस्थांनी विचारलं.

"मी," अक्का मोबाईलच्या आवाजात म्हणाल्या. "या ना, बसा."

"बसा काय? तुमच्यामुळं गाडी रुतली आमची!"

"माझ्यामुळं?"

"फोन म्हणला, शिवकांतानंतर वळा. वळलो! चाक गेलं चरात. लोकास्नी सांगायला नको का, पुढं खणलंय म्हणून? नाव तुमचं घेतंय ना ते?"

अक्कांच्या ओठांवर कन्नड येऊन थांबलं. त्यांनी ते गिळलं. त्यामागून मराठी आलं, तेही गिळलं. घशात दोन भाषा अडकून त्यांचा चेहरा लाल झाला. "पाणी घ्या," त्या कशाबशा म्हणाल्या. आणि तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांदेखत दुसरी गाडी वळायला लागली. मागच्या काचेला दोन लहान पोरं नाक लावून बसलेली.

"एऽऽ! निल्रीऽऽ!" अक्का चुलीपासून उठल्या त्याच ओरडत. "थांबाऽऽ! कुठं चाललाव? डोळे हायत का बटनं? पुढं चर हाय, चर! मोबाईल सांगतंय म्हणून हिरीत बी जाताव का?"

गाडी जागच्या जागी थांबली. लिंबावरचे पोपट उडाले. गॅरेजमधले सगळे मिस्त्री बाहेर आले, आणि अक्कांना ओरडताना बघून त्यातल्या एकानं चक्क हात जोडले. नानासाहेबांचा टेम्पो तेव्हाच येऊन लागला होता. ते खाली उतरून धुळाप्पांना म्हणाले, "उतरलं वाटतं दुखणं."

मिस्त्र्यांनी नानासाहेबांच्या टेम्पोला दोर बांधून लातूरची गाडी ओढायला घेतली. वैष्णवीनं चराचा फोटो काढून नकाशात 'रस्ता बंद' अशी खबर दिली. उत्तर आलं की तपासून बघतो. "तपासा सावकाश," अक्का म्हणाल्या, आणि स्वतः रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. एका हातात उलथणं, दुसरा कमरेवर. गाडी दिसली की लांबूनच बोंब. काही लोकांनी तर हा प्रकार बघून गाडी थांबवायच्या आधी काचा वर केल्या. पण थांबले सगळे. आणि गाडी थांबली की चुलीवरचा वास आत शिरायचा, पोरं भूक लागली म्हणायची. टेबलं भरली. मग मिस्त्र्यांनी आडरस्त्याच्या तोंडाशी दगड रचले, तेव्हा कुठं अक्का चुलीपाशी परतल्या. अक्का सांगतात, "ह्यात माझी अक्कल कायच न्हाई. मला फक्त त्या चराचा राग आला होता."

लातूरच्या गृहस्थांच्या आईचं नाव कमलबाई. गाडी निघेपर्यंत त्या चुलीजवळच्या पाटावर बसल्या, भाकरी-चटणी खाल्ली, पायाचा चिखल खरवडला. अक्कांशी त्यांचं चांगलं जमलं. त्यांचाही आवाज काही बारीक नव्हता.

"किल्ला बघण्यासारखा हाय का हो?" त्यांनी विचारलं. "लेकानं लई हौसेनं आणलंय. माझे गुडघे दुखत्यात, जाऊ का नको?"

"जावा की! पाणीमहाल बघा. पाणी चढलं की दोन धबधबे पडत्यात, नर आन् मादी. लई देखणं. उपळी बुरूज तर आभाळाला टेकलाय नुसता."

"तुमी सारखं जात असाल."

अक्कांनी भाकरी उलटली. ती उलटून झाली तरी तिच्याकडंच बघत राहिल्या. "म्या... म्या गेले न्हाई कधी."

"म्हंजे?"

"म्हंजे न्हाई गेले. लग्न होऊन आल्यापास्नं जायचं जायचं म्हणतेय. हे आपलं जाऊन आलेल्यांकडनं ऐकायचं आन् जाणाऱ्यांना सांगायचं."

गल्ल्यावरून धुळाप्पांचा आवाज आला. त्या दिवशीचं त्यांचं ते सगळ्यांत लांब वाक्य होतं. "मी म्हणालो होतो, चल. ही म्हणली, तवा तापलाय."

आधी कमलबाई हसल्या, मग त्यांचे चिरंजीव, मग जेवणारे सगळे. सगळ्यांच्या वरताण अक्काच हसल्या. जगाला किल्ल्याची वाट दाखवणारी खूण स्वतः चुलीपुढून हललेली नाही, हे त्यांच्या आत्ता कुठं लक्षात आलं होतं. 

"उठा मग," कमलबाई म्हणाल्या. "आमची गाडी निघालीय चरातनं, तीत बसा. उमाबाई भाकऱ्या थापतील."

अक्का नाही-हो म्हणत होत्या तोवर वैष्णवीनं त्यांच्या हातातलं उलथणं काढून घेतलं. तिनं नकाशात दुसरी वाट लावून दिली, बाजारातून जाणारी. मागं दोघी म्हाताऱ्या, पुढं धुळाप्पा. गाडी गावातून निघाली आणि अक्का खिडकीतून एकेक दुकान बघत बसल्या. बरीचशी त्यांनी पहिल्यांदाच बघितली. "हे कवा झालं?" त्या विचारायच्या. "लई दिवस झाले," धुळाप्पा सांगायचे.

पाणीमहालाशी दोन्ही धबधबे पडत होते. अक्का कठड्याला धरून उभ्या राहिल्या. पाण्याची अशी गाज होती की शेजारच्या कमलबाई काय म्हणतात ते कळेना. अक्कांनी काहीतरी उत्तर दिलं, तेही कमलबाईंना कळलं नाही. पहिल्यांदाच कुणाला तरी अक्कांचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. अक्का मग नुसत्या चेहऱ्यावर तुषार घेत राहिल्या.

कमलबाई खालीच बसल्या. अक्का आणि धुळाप्पा उपळी बुरुजाच्या पायऱ्या चढले, दर थोड्या पायऱ्यांनी थांबत. "तुमाला दम लागलाय, म्हणून थांबतेय," असं अक्का प्रत्येक वेळी सांगत होत्या. वर वारा होता. खाली सगळं गाव पसरलेलं, पलीकडं तुरीची रानं, आणि लांब नव्या रस्त्यावर मुंगीएवढे ट्रक.

"तो बघा आपला पत्रा!" अक्कांनी बोट केलं.

धुळाप्पांनी डोळे बारीक केले. "गॅरेजचा हाय त्यो."

"मग आपला?"

"त्याच्या मागं. दिसत न्हाई हितनं."

"एवढीशी खूण," अक्का म्हणाल्या, "आन् माझा तोरा केवढा!"

पुढं चर बुजला. नकाशानंही रस्ता आधी बंद दाखवला, मग उघडला, आणि मोबाईलमधली बाई पुन्हा लोकांना अक्कांपाशी वळवायला लागली. अक्कांनी गोड बोलणं सोडलं ते सोडलंच. आणि एक नवं खूळ लागलं. दुपारची गर्दी ओसरली की त्या सुनेला म्हणतात, "बघ गं, जवळपास काय काय हाय." वैष्णवी नकाशावरची देवळं, तलाव, बारवा वाचून दाखवते, अक्का एक निवडतात, आणि धुळाप्पा मोपेड काढतात.

परवा दोघं तामलवाडीच्या बाजूला एक जुनी बारव बघायला गेले. नकाशा म्हणाला उजवीकडं. अक्कांना वाटलं, त्याला काय कळतंय. त्यांनी धुळाप्पांना डावीकडं वळवलं. मोपेड एका भुईमुगाच्या रानात जाऊन थांबली. रानातल्या बाईनं विचारलं, "कुणाकडं आलाव?" अक्का खाली उतरल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "तुमच्याकडंच." बारव राहिली बाजूला. दोघं ओल्या शेंगा भाजून खाऊन, पिशवी भरून दिवेलागणीला घरी आले.